ग्राहकाची निवड, हॉटेलवाल्याचा परवाना

महाराष्ट्रात खानावळ, उपाहारगृह किंवा परमिट रूम चालवायची तर एकाच गाळ्यात अर्धा डझन सरकारी खाती शिरतात. अन्न व औषध प्रशासन, पालिकेचे आरोग्य खाते, अग्निशमन दल, शॉप अ‍ॅक्टचे कार्यालय, पोलीस, आणि दारू देत असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभाग. घटनेच्या कलम 19 ने नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच कलमाच्या सहाव्या उपकलमाने सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारला दिली आहे. वाद होतो तो ‘वाजवी’ कशाला म्हणायचे यावर.

हॉटेल व्यवसायाचा ठरलेला युक्तिवाद असा, की गिऱ्हाईक सज्ञान आहे. त्याला पटेल तिथे तो जाईल, नाही पटले तर शेजारच्या हॉटेलात जाईल. सरकारने मध्ये पडू नये. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते दोन गोष्टी गृहीत धरते. एक, आपण काय निवडतो आहोत हे गिऱ्हाइकाला कळते. दोन, त्याच्या निवडीची किंमत तो स्वतःच मोजतो. या दोन्ही गोष्टी जिथे खऱ्या असतात तिथे सरकारी बंधनाला फारसा आधार उरत नाही. यातली एक जरी खोटी ठरली, तर ‘ग्राहकाचे स्वातंत्र्य’ हे शब्द दुसऱ्याच कुणाच्या तरी सोयीसाठी वापरले जात असतात.

धूम्रपानबंदीचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सभागृहे, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. हॉटेले त्या यादीत नव्हती. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून अमलात आलेले नियम यांनी उपाहारगृहे, बार आणि पब यांनाही बंदीच्या कक्षेत आणले. 30 किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना आणि 30 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची सवलत मिळाली. त्यासाठी चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारे दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा हवी.

त्या वेळी व्यवसायातून आक्षेप आला, की ज्याला धूर सोसत नाही त्याने दुसरीकडे जावे. गिऱ्हाइकापुरते हे म्हणणे टिकते, कारण धूर दिसतो, त्याचा वास येतो आणि दारातूनच माघारी फिरता येते. वेटरचे तसे नसते. तो सकाळी दहाला कामावर येतो आणि रात्री शेवटचे टेबल उठेपर्यंत तिथेच असतो. गावाकडून आलेला, हॉटेलच्याच माळ्यावर झोपणारा पोऱ्या धूर नको म्हणून नोकरी सोडणार नाही. प्रत्येक टेबलावरचे गिऱ्हाईक आपापल्या निवडीने सिगारेट पेटवत होते, आणि त्या सगळ्यांचा धूर ज्याला निवडीचा अधिकारच नव्हता असा एक माणूस ओढत होता. मे 2017 मध्ये केंद्राने याच नियमांत दुरुस्ती करून धूम्रपानाच्या खोलीत कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. ज्याला ओढायची त्याने आत जाऊन ओढावी, पण तिथे कुणी ऑर्डर घ्यायला वा चहाचा कप ठेवायला जायचे नाही. धूम्रपानाच्या नियमांतले हे सर्वांत नेमके कलम म्हणावे लागेल. ओढणाऱ्याची निवड शाबूत राहते आणि तिचा भार दुसऱ्यावर पडत नाही. व्यवसायाने मात्र या दुरुस्तीकडे धंदा बुडवणारी अट म्हणूनच पाहिले.

गिऱ्हाइकाला दिसतच नाही अशा धोक्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तळणाचे तेल हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे विघटन होऊन ध्रुवीय संयुगे साठत जातात. 1 जुलै 2018 पासून लागू असलेल्या नियमानुसार त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले, की ते तेल तळणासाठी वापरता येत नाही. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी वापराची नोंद ठेवायची आणि उरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यायचे, असेही बंधन पुढच्या वर्षी आले. प्रमाण मोजणे अवघड नाही. गरम तेलात बुडवायचा हाती धरण्याजोगा मीटर मिळतो, परीक्षणपट्ट्याही मिळतात. आचाऱ्याच्या नजरेवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. मसाला लावलेले मासे वा पिठाळ भजी तळली की ताज्या तेलालाही लवकर रंग चढतो, तर नुसत्या पुऱ्यांचे तेल बराच वेळ उजळ दिसत राहते. जिथे आचारी फसतो, तिथे कागदात गुंडाळलेला वडापाव हातात घेणारे गिऱ्हाईक काय ओळखणार? वडा गरम आहे, खमंग आहे, चार पैसे स्वस्त आहे, एवढेच त्याला कळते.

धंद्याचे खरे नुकसान इथे होते आणि व्यवसायाच्या बैठकांत ते क्वचितच बोलले जाते. वेळेवर तेल बदलणाऱ्याचा खर्च वाढतो. न बदलणाऱ्याचा वाढत नाही आणि त्याचा वडा स्वस्त पडतो. गिऱ्हाइकाला फरक दिसत नसल्याने स्वच्छ तेलाचे चार पैसे जास्त द्यायला तो तयार होत नाही. बाजार मोकळा सोडला तर प्रामाणिक माणूस एक तर धंदा सोडतो, नाही तर शेजाऱ्यासारखा वागू लागतो. मोठ्या भटारखान्यातून मागच्या दाराने निघालेले काळे तेल छोट्या गाड्यांवर जाऊन पुन्हा तापते, ही साखळी तोडण्याचा सक्तीच्या नियमाखेरीज दुसरा मार्ग अजून कुणी सुचवलेला नाही. म्हणून 25 टक्क्यांच्या मर्यादेचा फायदा गिऱ्हाइकाइतकाच नेकीने धंदा करणाऱ्यालाही होतो. औद्योगिक ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून आलेल्या 2 टक्क्यांच्या मर्यादेलाही हाच विचार लागू पडतो. डालड्यातली चरबी चवीवरून कुणालाच ओळखता येत नाही.

काही ठिकाणी बंदीची गरज नसते, माहिती पुरते. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या, तसेच केंद्रीय परवाना घेतलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक छापावेत, हा जुलै 2022 पासूनचा नियम त्या प्रकारातला. बटर चिकन खायचे की नाही हे तो ठरवत नाही. मिसळीच्या छोट्या दुकानाला त्यातून वगळले, हेही शहाणपणाचे झाले. तर्रीचे उष्मांक मोजत बसायला तिथे कुणाला सवड नाही.

माहिती मागण्यालाही मर्यादा असते. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकाचे नाव ठळक लावण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलै रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. शाकाहारी की मांसाहारी, कोणता पदार्थ मिळतो हे लिहायला सांगता येईल, मालकाचे व कामगारांचे नाव लिहायला भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ताटात काय आहे हे जाणण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. भटारखान्यात कोणत्या जातीधर्माचा माणूस उभा आहे याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही.

सर्व्हिस चार्जच्या वादात व्यवसायाची बाजू लंगडी आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवे. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्याची मुभा हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिली. त्यामागे कारण होते. बसायची जागा, गारवा, पेला आणि सेवा या सगळ्यांचा मोबदला हॉटेलवाला त्या दरात घेतो, आणि तो दर मेनूवर आधीच छापलेला असतो. सेवेचा मोबदला पदार्थाच्या दरात धरल्यावर पुन्हा बिलाच्या तळाशी 10 टक्के जोडायचे आणि हुज्जत घातली तरच काढायचे, याला व्यापारस्वातंत्र्याचे नाव देता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये याला मनाई केली. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ती मनाई उचलून धरली. वेटरला जास्त द्यायचे तर पगार वाढवावा, दर वाढवावा. त्याला कायद्याची कोणतीच आडकाठी नाही. निवडीचा कैवार घेणाऱ्या व्यवसायाने बिलातली निवड मात्र काढून घ्यावी, हे विसंगत आहे.

यापुढे येतात ते नियम, ज्यांत धोका दाखवता येत नाही, फक्त नापसंती दाखवता येते. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा सांगाडा महाराष्ट्रात अजून उभा आहे. दारू पिण्यासाठी पिणाऱ्याकडे परवाना हवा, हे त्याचे मूळ तत्त्व. परमिट रूम हे नावच त्यातून आले. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. तो लागतो हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते, आणि पुस्तकातल्या पावत्या भरण्याचे काम गल्ल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर येते. तपासणी झाली की पावत्या आणि बाटल्यांचा मेळ बसत नाही. तो बसणे शक्यही नसते. अशा नियमाने एक थेंब दारू कमी होत नाही. तपासणाऱ्याच्या हातात मात्र प्रत्येक बारमालकाविरुद्ध एक तयार गुन्हा राहतो.

डान्सबारची कहाणी याहून लांबलेली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात 2005 मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन डान्सबार बंद झाले. तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले आणि जिमखाने यांना मात्र सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही दुरुस्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तोच नाच तारांकित हॉटेलात शोभतो आणि साध्या बारमध्ये समाज बिघडवतो, हे गणित दोन्ही न्यायालयांना पटले नाही. सरकारने 2014 मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, 2016 मध्ये नवा कायदा आणला. त्यात नाचाच्या जागी दारू देऊ नये, आत सीसीटीव्ही लावावेत, शाळा व प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतर असावे, अशा अटी होत्या. मुंबईत अशी जागा नकाशावर शोधून सापडणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी रद्द केल्या, पैसे उधळण्यावरची बंदी आणि संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ कायम ठेवली. नियमनाच्या आडून संपूर्ण बंदी आणता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. दरम्यान चौदा वर्षे गेली होती. बारमालकांनी ऑर्केस्ट्रा किंवा दुसरे धंदे काढले. काम गेलेल्या हजारो स्त्रियांसाठी पुनर्वसनाच्या घोषणांपलीकडे फारसे काही झाले नाही. त्यांच्या निवडीचा विचार वादाच्या दोन्ही बाजूंनी सोयीपुरताच केला.

खाण्याच्या निवडीबद्दलचा एक निकालही व्यावसायिकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. गोवंश हत्याबंदीचा विस्तार करणारी 2015 ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये मोठ्या प्रमाणावर वैध ठरवली. राज्याबाहेर कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून रद्द केले. कत्तलखान्याचे नियमन आणि माणसाच्या ताटात डोकावणे यांत न्यायालयाने फरक केला.

नियम योग्य असूनही राबवणूक भलतीकडे जाते, याचे दुःखद उदाहरण मुंबईच्या कमला मिलचे. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जण मेले. बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. गच्चीवरील ज्वालाग्राही आच्छादन आणि बाहेर पडण्याच्या अपुऱ्या वाटा, हे दोष नियमांत आधीच लिहिलेले होते. आग लागल्यावर पालिकेने शहरभर हातोडा चालवला आणि हुक्क्याच्या निखाऱ्यावर संशय आल्याने 2018 मध्ये राज्याने कायदा करून हुक्का पार्लरवर सरसकट बंदी आणली. कर्मचाऱ्यांना धुरापासून वाचवणारे 2017 चे कलम आणि अग्निसुरक्षेचे नियम नीट राबवले असते, तर हुक्क्याचा वेगळा कायदा करायची वेळ आली नसती. जुना नियम पाळला गेला नाही म्हणून नवा करायचा, ही सरकारी खोड. नव्याविरुद्ध मोर्चा काढताना जुना पाळला होता का हे न सांगणे, ही व्यवसायाची.

वेळेच्या बंधनातही हाच घोळ आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दारू न विकणाऱ्या उपाहारगृहांना चोवीस तास उघडे राहण्याची वाट मोकळी केली. तरी रात्री गस्तीची गाडी येऊन शटर खाली ओढायला लावते, ही तक्रार थांबली नाही आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारला शासन निर्णय काढून तेच पुन्हा सांगावे लागले. रात्रपाळीच्या माणसाला दोन वाजता इडली मिळाल्याने कुणाचे काय बिघडते, याचे उत्तर अजून कुठल्या चौकीने दिलेले नाही.

हॉटेल संघटनांनी आपल्या मागण्यांची यादी यापुढे दोन भागांत करावी. एका दिवसाचा परवाना, न पाळता येणाऱ्या अंतराच्या अटी, रात्रीची बेकायदा शटरबंदी यांविरुद्ध न्यायालयापर्यंत जावे. तेल, धूर आणि आग यांचे नियम त्या यादीतून काढावेत आणि ते सर्वांना सारखे लागावेत असा आग्रह धरावा. अग्निसुरक्षेचे फॉर्म बी प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. जागेवर न येता सही-शिक्का पाठवणारी एजन्सी प्रत्येक शहरात सापडते. तिचे गिऱ्हाईक होण्याचे व्यावसायिकांनी आता थांबवावे.