गोळीच्या माथी मारू नका

परवा मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "अगं, मला परत अंगावरून जातंय."

मावशी ६१ वर्षांची. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. "कधीपासून?" तर म्हणे, "झाले दोन महिने. डागच पडतात गं. गोळी बदलली ना, उष्णता झाली असेल."

डोकंच फिरलं माझं! मावशीवर नाही, त्या "असेल"वर.

बारा महिने पाळी आली नाही की ती गेली. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी तपासायचा, इतकं हे साधं आहे. मेटफॉर्मिनचा ओळखीचा त्रास म्हणजे मळमळ आणि जुलाब. रक्तस्राव त्यात येत नाही. पायोग्लिटाझोनवर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीने २०१३च्या जूनमध्ये भारतात बंदी आली आणि दीडेक महिन्यात, इशारा छापायच्या अटीवर, उठली. म्हणजे ती गोळी चालू असेल तर रक्त लघवीतून तर येत नाही ना, हे उलट जास्तच बघायला हवं.

खरा संबंध गोळीशी नाही, मधुमेहाशी आणि वजनाशी आहे. पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मधुमेही बाईला या अस्तराच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट. म्हणजे जिने सगळ्यांत आधी डॉक्टरकडे जायचं, तिच्याच हाताशी गोळीचं निमित्त तयार!

कोणी म्हणेल, उगाच घाबरवतेस. असं रक्त जाणाऱ्या शंभर जणींत कर्करोग निघतो साधारण नऊ जणींना. बाकीच्यांचं कारण बहुतेक साधंच असतं. पण आपण नऊतल्या की एक्क्याण्णवातल्या, हे शेजारीण सांगणार का? सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं किंवा रक्त जातच राहिलं, तर तुकडा काढून तपासतात. लवकर सापडलं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

आणि डॉक्टरमंडळी, तुम्ही दर तीन महिन्यांनी साखर बघता, पाय बघता, डोळे तपासून घ्या म्हणता. मग "पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं का?" एवढं विचारायला काय होतं? बायका आपणहून सांगत नाहीत हो. दुखणं अंगावर काढायचं हेच शिकत आल्यात.

मावशीला एवढंच सांगितलं, गोळी मनाने बंद करू नकोस. उद्या दहाची वेळ घेतली आहे. मी सोबत जाणार आहे.

काय निघायचं ते निघो. "असेल"वर तरी सोडणार नाही.