वायनरी बघताय? मग द्राक्षाची बिलंही बघा

पुण्याहून नाशिकच्या वाइन टूरला निघालेली गाडी चाकण, मंचर मागं टाकून नारायणगावला येते, तेव्हा आतल्या कुणाचंच लक्ष बाहेर नसतं. फार तर मिसळ खायला थांबतात. नाहीतर बायपासनं सरळ पुढं, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. संध्याकाळी गंगापूर धरणाच्या पाण्याकडं तोंड करून ग्लास उंचावलेला फोटो, खाली कॅप्शन 'वाइन कंट्री'.

महाराष्ट्रात 'ऐतिहासिक वायनरी' या शब्दांना काही अर्थ असेल, तर तो मिसळ खाऊन मागं टाकलेल्या त्या गावात आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडाज उभी केली. फ्रेंच तंत्रज्ञ आणले आणि शॅम्पेनच्या पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, फेसाळ वाइन बनवली. परदेशात ती 'ओमर खय्याम' नावानं विकली गेली, इथं 'मार्की द पॉम्पादूर' म्हणून. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षाची बाटली इंग्लंडातल्या टेबलावर! त्या काळी ही थट्टा वाटावी अशीच गोष्ट होती. पुढं कंपनी वाढली, बाहेरच्या देशांत धंदे विकत घेत सुटली, २००८ च्या मंदीनंतर कर्जात बुडाली आणि शेवटी प्रकरण कोर्टात जाऊन लिक्विडेटरच्या हाती गेलं.

या गोष्टीत सगळं आहे. हुशारी, हाव, कर्ज, कोर्ट. पण टूरमध्ये ती कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वाइन टुरिझम आपल्याला जो इतिहास विकतं, त्यातून द्राक्ष पिकवणारा माणूस नीट कापून काढलेला असतो, फोटोत नको असलेला माणूस क्रॉप करतात तसा. आणि आपण, म्हणजे माझ्यासारखे तीस लाखांच्या पॅकेजची स्वप्नं बघणारे, तो क्रॉप केलेला फोटो पैसे मोजून घेतो.

मी वाइन पितो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला मी व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता वाटायला नको. टीमबरोबर मी दोन-तीन वायनऱ्या पाहिल्यात. सुलाची गोष्ट तर आमच्या जमातीला पाठच असते: राजीव सामंत हा स्टॅनफर्डचा इंजिनिअर सिलिकॉन व्हॅलीतली ओरॅकलची नोकरी सोडून नाशिकला आला, आईच्या नावावरून, सुलभावरून, वाइनचं नाव ठेवलं, २००० मध्ये पहिली बाटली बाजारात आणली. २००५ ला टेस्टिंग रूम, २००८ ला सुलाफेस्ट, डिसेंबर २०२२ ला आयपीओ. माणसानं कमाल केली आहे, यात वाद नाही. पण लक्षात घ्या, ही संस्थापकाची गोष्ट आहे. स्टार्टअपच्या गोष्टी ऐकायची आपल्या कानांना इतकी सवय झालीय, की एक संस्थापक, एक वेडी कल्पना आणि एक आयपीओ मिळाला की इतिहास पूर्ण झाला असं वाटतं.

एका वायनरीत मी गाइडला विचारलं, "ही द्राक्षं कुणाची?" म्हणाला, "सर, काही आपल्या इस्टेटची, काही काँट्रॅक्ट फार्मर्सची." किती शेतकरी, किलोला काय दर, पैसे किती दिवसांत मिळतात, असं विचारल्यावर तो गोड हसला आणि आम्हाला ओकच्या पिंपांकडं घेऊन गेला. त्या पोराची चूक नाही. त्याला दिलेल्या स्क्रिप्टमध्ये पिंपाचं लाकूड कुठून आलं ते होतं, द्राक्ष कुठून आलं ते नव्हतं.

हा प्रश्न मला का पडतो, तर मी विश्रामबागचा. सांगलीच्या या भागात तुम्ही राहिला असाल तर माहीत असेल, इथं निम्म्या घरांत कुणी ना कुणी तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचं असतं. पोरं शिकायला म्हणून शंभर फुटी रोडच्या आसपास फ्लॅट घेतलेले बागायतदार. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या सोसायटीत कुणी द्राक्षं विकत आणत नाही. ती येतातच, पेटीनं.

नाशिकला 'द्राक्षांची राजधानी' म्हणायला माझी हरकत नाही, पण बिनबियांच्या द्राक्षाच्या इतिहासात तासगावचं पान वगळून चालणार नाही. थॉम्पसन सीडलेस ही कॅलिफोर्नियात नाव मिळालेली जात. तिच्यातूनच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्यानं निवड करून 'तास-ए-गणेश' तयार केली. नावात तासगाव आहे आणि गणपतीही आहे. ती जात पुढं राज्यभर गेली. प्रयोगशाळा नाही, फंडिंग राउंड नाही, बागेत फिरून वेगळी वेल ओळखणारी नजर. आर्व्यांच्या बागेची टूर कुणी काढलीय का?

आणि पलूस. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत दिली आणि दोन वाइन पार्क ठरवले. निफाड तालुक्यात विंचूरला एक, आमच्या पलूसला दुसरं, कृष्णा व्हॅली वाइन पार्क. नदीच्या नावानं व्हॅली, म्हणजे कॅलिफोर्नियाची नापा व्हॅली इकडंच आली. तेव्हा जिल्ह्यात खरोखर उत्साह होता. कॅबर्ने, शिराझ असली नावं तासगावच्या चहाच्या गाड्यावर ऐकू येत होती, म्हणे. माझे एक मामा सावळजकडचे. त्यांनी दोन एकरांवर शिराझ लावली. आजी शेवटपर्यंत तिला 'दारूची बाग' म्हणायची.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे, जी कुठल्याच टेस्टिंग रूममध्ये सांगत नाहीत. खायच्या द्राक्षाला चार दारं असतात. माल चांगला असला तर निर्यात. नाहीतर मुंबई, दिल्ली, कोलकात्याचा व्यापारी. दर पडला तर लोकल मार्केट. तेही जमलं नाही तर बेदाणा. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचं, शेडवर जाळीच्या रॅकमध्ये पसरायचं, पंधरा दिवसांत चार किलोचा एक किलो होतो, तो कोल्ड स्टोरेजला टाकायचा आणि दराची वाट बघायची. सौद्यात बेदाणा उधळतात, त्यात शेतकऱ्याचाच माल मातीत जातो, ते भांडण वेगळं. पण दार उघडं असतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये, ऐन काढणीत बाजार बंद झाले, तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी बागा या बेदाण्याच्या दारातूनच बाहेर पडल्या.

वाइनच्या द्राक्षाला एकच दार. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाणारा घेत नाही, बेदाणा होत नाही. साखर भरली की ठरलेल्या दिवसांत तोडून गाळपाला गेलंच पाहिजे. म्हणजे गिऱ्हाईक एक, तारीख एक, दर त्याचा. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि असं डिझाइन रिव्ह्यूला आणलं तर सीनिअर माणूस घरी पाठवेल. सरकारी धोरणाचा रिव्ह्यू कुणी केला असेल, तर शेतकऱ्याच्या बाजूनं नक्कीच केला नव्हता.

वेल तिसऱ्या वर्षी धरते. २००५-०६ ला लावलेल्या बागा भरात आल्या आणि २००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, टाक्यांत वाइन तशीच राहिली. वायनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं, बिलं थकली. नाशिक आणि सांगली, दोन्हीकडं शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. मामांचा निम्मा माल एका वायनरीनं नेला, निम्मा वेलीवर राहिला. "चेक येतोय म्हणत्यात," हे वाक्य त्या वर्षी आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं, की मी अकरा वर्षांचा असूनही मला पाठ आहे. काही पैसे आले, काही आलेच नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी मामांनी शिराझ मुळापासून काढली. मंडपाच्या तारा मात्र ठेवल्या. त्याच तारांवर आज सुपर सोनाका आहे.

आता काही लोक म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, दारूच्या नादी लागलं की असंच होतं. सांगलीत असे लोक भरपूर आहेत, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गहजब झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बासनात गेला. वाइन दारू आहे की नाही यावर आठवडाभर चॅनलवर कीर्तन चाललं. आमच्या कट्ट्यावरही. पण याच जिल्ह्यात साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलऱ्या आहेत, मळीपासून स्पिरिट तिथं निघतं, आणि त्या कारखान्यांच्या चेअरमनांना हार घालायला हीच मंडळी पुढं असतात. उसाची चालते, द्राक्षाची संस्कृती बुडवते, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावं. त्या आठवड्याच्या सगळ्या चर्चेत, बाजूनं आणि विरोधात, 'शेतकऱ्याच्या हितासाठी' हे शब्द शंभरदा आले. शेतकऱ्याचं बिल किती दिवसांत मिळायला हवं, हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही.

आणि ऊसवाल्यांकडून शिकायचं ते नेमकं हेच. उसाला एफआरपी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, आणि त्यानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कारखाने तो नियम पाळतात असं नाही, म्हणून तर दर हंगामात आमच्याकडं रस्ते अडवले जातात. पण मोडायला एक नियम तरी आहे. दाखवायला कलम आहे, साखर आयुक्ताच्या दारात जाऊन बसता येतं. वाइनच्या द्राक्षवाल्याच्या हातात काय असतं? एक करारपत्र. त्यातला 'गुणवत्तेनुसार' हा शब्द कसा वाकवायचा ते माल घेणाऱ्यानं ठरवायचं.

दुसरीकडं वायनरीला काय मिळतं बघा. २००९ पासून वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेत २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम वायनरीला परत मिळायची. मधे काही वर्षं थांबलेली ही योजना सरकारनं पुन्हा सुरू केली. कारण तेच, शेतकऱ्याचं हित. माझा या परताव्याला विरोध नाही. माझी मागणी इतकीच आहे, की परताव्याचा अर्ज करताना वायनरीनं त्या हंगामातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं बिल चुकतं केल्याच्या नोंदी जोडाव्यात, आणि जोडल्या नाहीत तर परतावा थांबवावा. हे अवघड नाही. ज्या देशात पाच रुपयांच्या चहाचं यूपीआय दोन सेकंदांत दिसतं, तिथं द्राक्षाच्या बिलाची तारीख एका पोर्टलवर दिसू शकत नाही, हे मला, एक बॅकएंड डेव्हलपर म्हणून, कुणी सांगू नये.

टीममधला एकजण म्हणाला, "अरे, सुट्टीवर कोण हिशेब बघतं? फ्रान्समध्ये पण लोक शातो बघायलाच जातात ना." जातात. पण ज्या शॅम्पेनची पद्धत चौगुल्यांनी नारायणगावला आणली, त्या शॅम्पेन प्रांतात १९११ मध्ये काय झालं ते बघ म्हटलं. मोठी वाइन घराणी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून विकत होती, इथल्या शेतकऱ्याला भाव देत नव्हती. आधीच पिकं गेलेली. शेतकऱ्यांनी बंड केलं, आय गावात वाइनवाल्यांची गोदामं जाळली, सरकारला सैन्य पाठवावं लागलं. शॅम्पेन कुठल्या गावच्या द्राक्षाची, यावरचे आजचे कडक कायदे त्या भांडणातूनच घडत गेले. आपण तिथून बाटली फिरवायचं तंत्र आणलं, ग्लास कसा धरायचा ते आणलं. १९११ तिथंच ठेवून आलो.

त्यामुळं पुढच्या लाँग वीकेंडला जा, जरूर जा. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर टबात उतरून द्राक्षंही तुडवा, फोटो छान येतो. वाइनसाठी ती यंत्रानंच चिरडतात, ते सोडा. फक्त टेस्टिंगच्या वेळी, पाचव्या ग्लासानंतर नाही, पहिल्याच्या आधी, विचारा: काँट्रॅक्टवाले शेतकरी किती, गेल्या हंगामात किलोला दर काय दिला, शेवटचं बिल कोणत्या तारखेला चुकतं केलं. तीनशे लोकांनी एका सीझनमध्ये विचारलं तर गाइडच्या स्क्रिप्टमध्ये उत्तर घालावं लागेल. रिव्ह्यू लिहिताना 'अॅम्बियन्स'च्या खाली हेही लिहा.

आणि एखादी सुट्टी सांगलीकडं काढा. विश्रामबागेतून सकाळी निघालात तर तासगावचा बेदाण्याचा सौदा बघून, मारुतीच्या देवळापाशी भडंग खाऊन दुपारपर्यंत पलूसला पोचता. पलूसचं नाव मला वाइन टूरच्या कुठल्याच पॅकेजमध्ये अजून सापडलेलं नाही. रस्त्यानं दोन्ही बाजूंना मंडप दिसतील. कुणीही बागायतदार थांबवून विचारा, वाइनची बाग लावली होती का. ज्यानं लावली होती तो तारखेसकट सांगेल.