खाडीवर पहारा कोणाचा?

ठाण्याच्या खाडीचा प्रश्न हा मुंबईकरांचा आणि पक्षिमित्रांचा. मावळातील शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत कार्यकर्त्यांतही आढळते. भूगोल निराळे सांगतो. नवलाख उंबऱ्याहून आत गेले की आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण लागते. तेथील पाणी १९२२ पासून घाटाखाली टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात सोडले जाते व पुढे उल्हास नदीला मिळते. उल्हास कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते आणि तिचा एक अरुंद फाटा ठाण्यापाशी दक्षिणेस वळून ठाण्याच्या खाडीस मिळतो. ज्या पाण्याखाली मावळच्या जमिनी गेल्या, ते अखेर कोणत्या चिखलात जाऊन मिसळते, हे मावळानेही विचारले पाहिजे.

ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य शासनाने ह्या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यात निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन, उरलेले पाणी. २०२२ मध्ये खाडीची नोंद रामसर कराराच्या यादीतही झाली. हे योग्यच झाले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस पायबंद घातला नसता, तर किनाऱ्याचा बराच भाग भराव टाकणाऱ्यांच्या घशात गेला असता.

परंतु अभयारण्य जाहीर झाले की माणसाच्या व्यवहारावर नियंत्रण आणि देखरेख आली. आणि नियंत्रण कोणावर, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कोळ्याची होडी उघड्या पाण्यात असते. ती दिसते, अडवता येते, तिच्यावर नाव व क्रमांक असतो. कारखान्याचा नळ भिंतीआड असतो आणि नाल्यावर कोणाचेच नाव नसते. पहाऱ्याची दृष्टी सोप्या सावजाकडे वळणे हा नोकरशाहीचा जुनाच स्वभाव आहे.

खाडीवरचा खरा भार कोणाचा? पूर्व तीरावर ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने १९६० च्या दशकापासून उभे आहेत. पश्चिमेस तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने त्याहूनही आधीचे, आणि देवनारचा कचऱ्याचा डोंगर तर १९२७ पासूनचा. त्यात महानगराच्या सांडपाण्याची भर. खाडी दक्षिणेस रुंद, उत्तरेस चिंचोळी. भरतीबरोबर वर गेलेली घाण ओहोटीत पुरती बाहेर पडत नाही, आणि पावसाळा संपला की वरून गोडे पाणीही फारसे येत नाही. म्हणूनच वरच्या अंगाचा गाळ वाढतो आणि कोळंबी, बोय, निवटी, चिंबोऱ्या धरून जगणाऱ्यांचे जाळे हलके होते.

येथे एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. रोहित पक्षी हजारोंनी येतात, म्हणून खाडी निरोगी आहे, असे मानता येत नाही. ते चिखलातील सूक्ष्म शेवाळावर जगतात आणि सांडपाण्याने ते शेवाळ फोफावते, असे अभ्यासकांचे मत आहे. पक्षी मोजून समाधान मानणारी देखरेख म्हणजे रुग्णाच्या गालाचा रंग पाहून ताप नाही म्हणण्यासारखे आहे. (पर्यटकांच्या बोटींना गुलाबी रंग पुरतो, ही गोष्ट वेगळी.) मोजायचे ते पाण्यातील विरघळलेला प्राणवायू आणि गाळातील जड धातू; तेही नाल्यानाल्याच्या मुखाशी, ओहोटीच्या वेळी, जेव्हा भरतीचे पाणी दोष झाकून टाकत नाही.

हे काम कोणी करावे? कोणत्या नाल्यास कोणत्या रात्री फेस येतो, हे ऐरोली, दिवे, घणसोलीच्या कोळ्यांना ठाऊक असते. कार्यालयाला ते महिन्यांनी कळते. रामसर करारातील ‘सुज्ञ उपयोग’ हे तत्त्व माणसाला पाणथळीबाहेर हाकलण्यास सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातही १९९१ च्या दुरुस्तीने समुद्राचे पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची काळजी घेण्याची अट घातली आहे. म्हणजे कोळ्यांनी मागायचे ते उपकार नव्हेत.

मासेमारीवर कोणतेच बंधन नको, असा ह्याचा अर्थ नाही. बारीक आसाचे जाळे पिल्लांचा नाश करते, हे कोळ्यांना इतरांनी शिकवायला नको. विणीच्या हंगामातील बंदी कोळीवाड्यांच्या संमतीने ठरावी आणि त्या काळातील निर्वाह शासनाने उचलावा. पण क्रम असा हवा: आधी नळ, मग नाला, नंतर भराव आणि शेवटी होडी.

त्यासाठी कार्यकर्त्यांना घेता येतील अशा मागण्या साध्या आहेत. देखरेख समितीत निम्म्या जागा मच्छीमार सहकारी संस्थांच्या प्रतिनिधींना, त्यांत स्त्रियांनाही. कारण मासळी बाजारात नेऊन तिचे मोल करणारी कोळीणच आधी ओळखते की मासळीला रॉकेलचा वास येतो आहे. नमुने घेताना दोन कोळी साक्षीदार. दरमहाचे आकडे मराठीत प्रत्येक बंदरावरील फलकावर. आणि उल्हासच्या खोऱ्याचे आकडेही त्याच फलकावर, म्हणजे भिवपुरीखाली सोडलेले स्वच्छ पाणी वाटेत कोणी काळे केले, हे मावळाला आणि खाडीला एकाच वेळी वाचता येईल.