रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

शाळेची वेळ झाली की मूल पोट धरून बसतं. बेंबीभोवती दुखतं म्हणतं. कधी सोबत डोकं दुखतं, मळमळतं, पाय दुखतात. सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरात दोनच निकाल लागतात : पोर नाटक करतंय, नाहीतर नजर लागलीय. आमच्या मते दोन्ही निकाल चुकीचे आहेत.

मुलाचं दुखणं खरं असतं. आतडी आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत. जुलाब होऊन गेल्यावर किंवा मनावर सतत ताण असला की आतड्यातल्या नसा हळव्या होतात. मग साधा गॅस सरकला तरी कळ येते. आतड्याची रचना ठीक असते, कामात बिघाड असतो. म्हणून तो सोनोग्राफीत दिसत नाही. हे दुखणं फक्त आपल्या वस्तीतलं नाही. १९५८ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन ॲपली आणि डॉ. नोरा नेश यांनी १००० शाळकरी मुलं पाहिली, तेव्हा साधारण दहातल्या एकाला वारंवार पोटदुखी असल्याचं आढळलं.

दुःखाला कारण असतं, ते शोधायचं असतं, हे आपल्याला धम्माने शिकवलं. मग लेकराच्या गळ्यात धागा बांधून आपण मोकळे का होतो?

मुलाला शांतपणे विचारा. शाळेतल्या संडासाला कडी आहे का, पाणी आहे का? वस्तीतल्या संडासाला रांग आणि अंधार, म्हणून कित्येक मुली शौच दाबून ठेवतात. मळ घट्ट होतो, आतडं ताणलं जातं, पोट दुखतं. कधी पातळ मळ चड्डीत झिरपतो. त्यासाठी मारू नका, ते मुलाच्या हातात नसतं. वर्गात कुणी जातीवरून बोलतं का, हेही विचारा. मूल अपमान घरी सांगत नाही, पण पोट दुखू लागतं.

जेवणानंतर पाच-दहा मिनिटं संडासला बसवा. पाणी, पालेभाजी, फळं द्या. दुखताना जवळ घ्या, पण शक्यतो शाळा बुडवू नका.

मात्र वजन घटत असेल, वाढ थांबली असेल, शौचात रक्त, हिरवी उलटी, ताप, झोपेतून उठवणारी कळ किंवा पोटात उजवीकडे खाली सतत दुखणं असेल, तर लगेच डॉक्टरकडे जा.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळेत मुलामुलींचे वेगळे संडास हवेत. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ती खुर्ची आपली आहे. पुढच्या बैठकीला जाऊन संडासाची कडी आणि पाणी मागू या. लेकरांच्या पोटदुखीवरचा तोही एक इलाज आहे.

जय भीम!