पिस्तूल न बांधणारा डेस्ट्री

परवा नातवाने लॅपटॉपवर एक जुना कृष्णधवल सिनेमा लावून दिला. ‘डेस्ट्री राइड्स अगेन’, १९३९ सालचा, जॉर्ज मार्शल यांचा. काउबॉयचे सिनेमे म्हणजे नुसती ठो ठो, असं माझं मत. म्हणून विणकाम घेऊनच बसले होते. पण सुया तशाच राहिल्या!

बॉटलनेक नावाचं गाव. गुत्त्याचा मालक केंट पत्त्यांत लबाडी करून जमिनी लाटतो. जाब विचारणारा शेरीफ नाहीसा होतो आणि त्या जागी गंमत म्हणून गावच्या दारुड्याला बसवतात. तो मदतीला बोलावतो टॉम डेस्ट्रीला, म्हणजे जेम्स स्टुअर्टला. हा गडी घोडागाडीतून उतरतो तो हातात एका बाईची नाजूक छत्री आणि पक्ष्याचा पिंजरा घेऊन! कमरेला पिस्तूल नाही. गाव खो खो हसतं. गुत्त्यातली गायिका (मार्लिन डीट्रिच) त्याच्या हातात बादली-फडकं देते, घे, कर गाव साफ! तो चिडत नाही. त्याला नेमबाजी उत्तम येते. पण पिस्तूलवाले वडील पाठीत गोळी लागून गेले, मग पिस्तुलाने काय साधलं, हा त्याचा सवाल.

आणि शेवटी? म्हाताऱ्या शेरीफला पाठीत गोळी घालतात आणि डेस्ट्री पिस्तुलं बांधतो.

इथे मी गप्प झाले. नोकरीला लागले तेव्हा मीही ठरवलं होतं, छडी हातात धरायची नाही. दोन वर्षं पाळलं. मग एके दिवशी एका मुलाने दुसऱ्याचं डोकं फोडलं आणि मी छडी उचलली. वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, जिंकले! पण तो मुलगा पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

लोक म्हणतील, बघा, शेवटी पिस्तूलच कामी आलं. मला नाही पटत. नीट पाहा, गोळीबार थांबतो तो गावच्या बायका लाटणी आणि काठ्या घेऊन मधे घुसतात तेव्हा. आजवर घाबरून घरात बसलेलं गाव बाहेर पडतं. डेस्ट्री एकटा होता म्हणून त्याला पिस्तूल लागलं.

मीही त्या दिवशी एकटीच निर्णय घेतला. बाकीच्या चाळीस मुलांना विचारलं असतं तर? त्यांच्याकडे कदाचित उत्तर असतं. हे सुचायला मात्र मला सत्तरी ओलांडावी लागली.