मातृत्वाची आरती आणि मातेचे मरण

"बाई, दिवाळी अंक लोक करमणुकीसाठी घेतात. तुम्ही चकली-करंजीच्या ताटात बाळंतपणातल्या मरणांचा हिशेब वाढायला निघालात! आणि तोही आफ्रिकेतला!" असे एका सद्गृहस्थांनी मला ऐकवले. त्यांचे दोन्ही आक्षेप मला अमान्य आहेत. पाडव्याला जिच्याकडून ओवाळून घ्यायचे, तिच्या देहाच्या दुखण्याची गोष्ट निघाली की पान उलटायचे, याला मी रसिकता म्हणत नाही. आणि आफ्रिका दूर आहे म्हणावे, तर ज्या कायद्याने तिथल्या बायका मरतात त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात एकशे दहा वर्षे नांदून गेला आहे.

मी बोलते आहे सिएरा लिओनबद्दल. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा छोटा देश. राजधानी फ्रीटाऊन, दास्यातून सुटलेल्या माणसांनी वसवलेली, म्हणून नावातच स्वातंत्र्य! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली तेथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ४४३ माता दगावल्या. आपल्या महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ होता. शतकाच्या आरंभी तेथील स्थिती याहूनही भीषण होती, हे खरे. पण कालच्यापेक्षा आज कमी बायका मरतात, म्हणून आज मेलेल्या बाईच्या घरी पेढे वाटायचे काय?

तेथील सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २७ एप्रिल २०१० रोजी, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालील मुले यांना उपचार मोफत केले गेले. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. पण सरकारी कागदावरचा 'मोफत' हा शब्द दवाखान्याच्या दारापर्यंत येता येता झिजतो. पुढच्याच वर्षी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने अहवाल दिला, की औषधे संपलेली असतात आणि फुकट मिळायच्या गोष्टींचे पैसे मोजावे लागतात. का लागतात? तेथील दवाखान्यांतून राबणाऱ्या कितीतरी परिचारिका बिनपगारी आहेत. ज्या बाईला सरकार पगार देत नाही, तिने आपली चूल कशावर पेटवावी? ती रोग्याकडे हात पसरते. मग दोन गरीब बायका एकमेकींच्या पदराची गाठ सोडत बसतात, आणि आपण दोष देतो त्या परिचारिकेला!

घरी बाळंत होऊ नये म्हणून गावोगावच्या प्रमुखांनी दंडही बसवले. हेतू चांगलाच. पण पावसाळ्यात रस्ता चिखलात बुडालेला, मध्ये नदी, वाहन नाही, आणि कळा सुरू झालेल्या. अशा वेळी दंड कुणाला करायचा? बाईला, की रस्ता न बांधणाऱ्याला? जाणकार सांगतात, बाळंतीण मरते ती तीन विलंबांनी: निघण्याचा निर्णय घेण्यात विलंब, पोचण्यात विलंब, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात विलंब. रक्तस्राव या तिन्हींपैकी एकालाही थांबत नाही.

आता त्या कायद्याकडे वळू. गर्भपाताला गुन्हा ठरवणारा तेथील कायदा १८६१ सालचा, इंग्रजांच्या पार्लमेंटने केलेला. देश स्वतंत्र झाला १९६१ साली, बरोबर शंभर वर्षांनी. राज्यकर्ते गेले, कुलूप राहिले! खुद्द इंग्लंडने आपल्या घरचे कुलूप १९६७ साली सैल केले. १८६० च्या दंडसंहितेतले आपले कुलूप आपण १९७१ साली सैल केले. सिएरा लिओनच्या संसदेनेही डिसेंबर २०१५ मध्ये बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताला मुभा देणारे विधेयक संमत केले. पण ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मगुरू एरवी नसेल इतक्या एकीने विरोधात उभे राहिले, आणि अध्यक्ष कोरोमा यांनी सही केली नाही. जनतेचा कौल घ्या म्हणाले! २०२२ च्या जुलैत नव्या मसुद्याला मंत्रिमंडळाने संमती दिली, तेव्हाही तीच ओरड झाली.

या मंडळींना माझा एकच सवाल आहे. कायद्याने गर्भपात थांबतो काय? थांबतो तो डॉक्टर. अडलेली बाई मग झाडपाल्याकडे, काडीकडे आणि अंधाऱ्या खोलीकडे जाते.

पण मी पेशाने शिक्षिका, म्हणून मला सर्वांत जिव्हारी लागते ती गोष्ट शाळेची. इबोलाच्या साथीत बंद पडलेल्या शाळा एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या, त्या गरोदर मुलींना दार बंद करूनच. कारण काय? तर त्यांच्यामुळे इतर निष्पाप मुली बिघडतील! कुणी गरोदर आहे का हे पाहण्यासाठी मुलींची पोटे आणि छात्या चाचपण्यात आल्या.

हे वाक्य मी मराठीतही ऐकले आहे. एका शाळेत, नाव सांगत नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतल्या मुलीचे नाव पटावरून उतरले. "बाकीच्या मुलींवर परिणाम होतो, बाई," असे मला वरून सांगण्यात आले. माझा विरोध इतिवृत्तात लिहूनसुद्धा घेतला नाही. तिला त्या अवस्थेला नेणारा इसम मात्र गावात ताठ मानेने हिंडत होता. त्याचा परिणाम कुणावरच होत नव्हता!

सिएरा लिओनच्या मुलींचे गाऱ्हाणे पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या न्यायालयात गेले. १२ डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने ही बंदी अन्यायाची ठरवली, आणि मार्च २०२० मध्ये ती उठली. २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलींच्या लग्नाला बंदी करणारा कायदाही झाला. म्हणजे दार ढकलले तर उघडते!

आपल्याकडे ते र. धों. कर्व्यांनी ढकलले. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. कर्व्यांच्याही अंगावर संस्कृतीच भिरकावली गेली होती. आज फ्रीटाऊनच्या बाईवर तीच भिरकावली जाते आहे, फक्त भाषा वेगळी.

मातृत्व पवित्र आहे, असे सर्व धर्म सांगतात. तसे असेल, तर त्या पावित्र्याचा खर्च उचला. परिचारिकेला पगार द्या. नदीवर पूल बांधा. मुलीला तिच्या देहाचे ज्ञान वेळेवर द्या, आणि चुकली, फसली किंवा कुणी ओरबाडली, तरी तिचे नाव पटावर राहू द्या. मूल केव्हा व्हावे हे ठरवण्याचा अधिकार जिला कळा येतात तिचा आहे. तेवढे द्यायची तयारी नसेल, तर मातेची आरती तरी बंद करा. तिच्या मरणाच्या खोलीत ती फार कर्कश वाटते.