पास वसूल करायचा की मुलांचा दिवस?

मे महिन्यात दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या पहाटे वॉटरपार्कला निघायचंय, पास काढून झालेत." समोर ७-८ वर्षांचं मूल १०१ ताप घेऊन आईच्या खांद्यावर मान टाकून बसलेलं असतं. त्या मुलाला उद्या कुठेही जायचं नसतं, त्याला फक्त झोपायचं असतं. पण चौघांचे पास, गाडीचं पेट्रोल, टोल, वडिलांनी मुश्किलीने मिळवलेली सुट्टी, हे सगळं वाया कसं घालवायचं?

आज याच प्रश्नावर लिहायचं ठरवलं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. थीम पार्कच्या सहलीत मुलं आजारी पडतात त्याला पाळणे किंवा पाणी क्वचितच कारणीभूत असतं. बहुतेक वेळा कारण असतो आपला "पैसे वसूल" स्वभाव. पैसे भरलेत म्हणून पहाटे ४ वाजता उठवायचं, पैसे भरलेत म्हणून घाबरलेल्या मुलाला राइडवर बसवायचं, पैसे भरलेत म्हणून संध्याकाळी गेट बंद होईपर्यंत हलायचं नाही. मुलाचं शरीर मात्र पासाची किंमत बघून चालत नाही.

गैरसमज नको, मी या सहलींच्या विरोधात नाही. भाईंदरमध्ये वाढलेल्या पिढीला तर एस्सेलवर्ल्डचं वेगळं कौतुक आहे. १९८९ मध्ये गोराईला ते सुरू झालं आणि पुढे १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. भाईंदरहून लाँचने खाडी ओलांडून तिथे जाणं हीच निम्मी मजा होती. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि आपल्या सहलीची दिशा बदलली. आता घोडबंदर रोड, ठाणे, पनवेल, मग एक्स्प्रेसवे असा प्रवास करायचा, दिवसभर खेळायचं आणि रात्री पुन्हा तेवढंच अंतर कापून घरी यायचं. मुलांसाठी हा दिवस मोठ्यांना वाटतो त्यापेक्षा खूप जड असतो.

मे महिन्यातच का?

शाळेला सुट्टी असते म्हणून, हे मान्य. पण दिवाळीची आणि नाताळचीही सुट्टी असतेच.

आपल्याकडे मे महिन्यात पारा नागपूरसारखा ४५ ला जात नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. शरीर स्वतःला थंड करतं ते घाम वाळवून. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. त्यामुळे ३४-३५ अंशांतही शरीर आतून तापत जातं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्या १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, ४५ नव्हे. ती माणसं बसलेली होती, आपली मुलं तर धावत असतात. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि खेळाच्या नादात त्यांना तहानही जाणवत नाही.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. एसीत सुट्टी काढलेलं मूल एका दिवसात थेट ७-८ तास उन्हात उभं करायचं, ही त्याच्यावर जबरदस्ती आहे. म्हणून सल्ला सरळ आहे. डिसेंबर किंवा जानेवारीत जा, शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी. रांगा लहान असतील, ऊन सोसवेल. मे शिवाय पर्यायच नसेल, तर दुपारी १२ ते ३ हा वेळ सावलीत किंवा आतल्या राइड्समध्ये घालवायचा, हे घरूनच ठरवून निघा.

पहाटेची घाई

शाळकरी मुलाला ९ ते ११ तास झोप लागते. आदल्या रात्री उत्साहात ११ वाजेपर्यंत जागायचं, पहाटे ४ ला उठायचं, मग एक्स्प्रेसवेवर थांबून वडापाव, साबुदाणावडा आणि वर कोल्ड्रिंक. पुढच्या वळणावर उलटी झाली तर नवल नाही.

गाडी लागण्याचा त्रास साधारण ६ ते १२ या वयात सर्वांत जास्त असतो. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं "आपण हलतोय" आणि मोबाईलमध्ये रुतलेले डोळे सांगतात "आपण स्थिर आहोत". मेंदूचा गोंधळ उडतो. गरगर फिरणाऱ्या राइडमध्येही तेच घडतं. म्हणून प्रवासात मोबाईल नको, नजर समोरच्या रस्त्यावर हवी. नाश्ता हलका ठेवा, उपमा, पोळी किंवा केळं पुरे. खाल्ल्यावर निदान तासभर गरगरणाऱ्या राइडवर बसू नका. उलटीची गोळी मुलाला द्यायची असेल तर वजन आणि वय सांगून डॉक्टरांना आधी विचारा. काही गोळ्यांनी मूल दिवसभर पेंगत राहतं.

याच घाईत मोठ्यांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या घरी राहतात. वडिलांनी गोळी चुकवायची, वर मुलांसोबत रोलरकोस्टरवर बसायचं, हे धाडस करू नका. बीपी ताब्यात नसेल, हृदयविकार असेल, मानेचा किंवा कमरेचा त्रास असेल, अलीकडे ऑपरेशन झालं असेल, किंवा गर्भारपण असेल, तर मोठ्या राइड्स तुमच्यासाठी नाहीत. मुलाला फिट येत असतील, दमा असेल किंवा हृदयाचा जन्मजात दोष असेल, तर पास काढण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. बहुतेकांना "जा, पण हे हे टाळा" असंच उत्तर मिळतं. इन्हेलर मात्र लॉकरमध्ये नाही, हाताशी असलेल्या पिशवीत हवा.

उंचीची पट्टी आणि "घाबरतोस काय?"

राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तिथे मुलाला टाचा उंचावायला सांगणारे, जाड सोलचे बूट घालून आणणारे, "दोनच सेंटिमीटर कमी आहे हो" म्हणून कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणारे पालक दिसतात. ती पट्टी पैसे कापायला लावलेली नाही. अडकवणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. तो मांड्यांवर आणि कमरेच्या हाडावर घट्ट बसला नाही, तर लहान शरीर त्याखालून निसटू शकतं. यात वय किंवा हुशारी बघायची नसते, फक्त माप. कर्मचारी "नाही" म्हणाला तर त्याचे आभार माना.

दुसरी पट्टी मुलाच्या मनाची. ती दिसत नाही. ७ वर्षांचं मूल रांगेत हात घट्ट धरतं, "मला सू लागली" म्हणतं, पोट दुखतंय म्हणतं. ही नाटकं नाहीत, भीती अशीच बोलते. अशा वेळी "बघ, ती तुझ्यापेक्षा लहान आहे तरी बसली" किंवा "पैसे झाडाला लागतात का?" ही वाक्यं तोंडून काढू नका. मूल एकदा नको म्हणालं की विषय संपला. त्याला आधी दुसऱ्यांना बसलेलं बघू द्या. बसावंसं वाटलं तर ते स्वतः सांगेल. आणि पुढच्या वर्षी राइड तिथेच असणार आहे.

प्यायचं पाणी आणि शौचालय

या दोन गोष्टी जोडूनच बघायला हव्यात. अनेक मुली, आणि त्यांच्या आयासुद्धा, बाहेरच्या शौचालयात जायला नको म्हणून पाणीच कमी पितात. दिवसभर लघवी अडवतात. मग दोन दिवसांनी जळजळ, थंडी वाजून ताप आणि लघवीचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात येतात. दर दोन-तीन तासांनी सगळ्यांनी एकत्र शौचालयात जायचं, असा कुटुंबाचा नियमच करा. म्हणजे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. १०-१४ वर्षांच्या मुलीशी पाळीबद्दल आईने आधीच मोकळं बोलावं. पॅड सोबत असावेत, आणि त्या दिवशी पाण्यात जायचं की नाही हा निर्णय तिचा असावा.

तहान लागायची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाला काही घोट पाणी द्या. लघवी गडद पिवळी असेल किंवा ५-६ तास झालीच नसेल, तर पाणी कमी पडतंय. खूप घाम येत असेल तर अधूनमधून ओआरएस द्यावं. पावडरचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, साधारणपणे मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं वेगळी. त्यात साखर जास्त आणि क्षार कमी असतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात "ओआरएस" शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना लेबल वाचाच.

मूल चिडचिड करू लागलं, डोकं दुखतंय म्हणालं, मळमळ सुरू झाली, तर राइड थांबवून सावलीत न्या, पाणी पाजा. मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, गुंगीत गेलं आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात. पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला आणि १०८ ला लगेच कळवा. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही.

पाण्यात असताना

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गुपचूप खाली जातं, अगदी भरगर्दीतही. जीवरक्षक असले तरी आपल्यातल्या एका मोठ्या माणसाने फक्त मुलांवर नजर ठेवायची, हातात मोबाईल घ्यायचा नाही. १५-२० मिनिटांनी पाळी बदलायची. दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे, जीव वाचवणारं साधन नाही.

जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात. तुमच्या मुलामुळे दुसऱ्याचं मूल आजारी पडू शकतं. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ घाला आणि कान बाहेरून कोरडे करा. कानात काडी किंवा तेल घालू नका.

पिशव्या सांभाळणारी आजी

सहलीचं नियोजन करताना एक माणूस नेहमी विसरलं जातं. मुलं राइडवर, आईवडील त्यांच्यामागे, आणि आजी पिशव्यांचा ढीग घेऊन बाकावर. तिला मधुमेह असेल तर जेवणाची वेळ टळून चालत नाही. पायांना मुंग्या येत असतील तर वॉटरपार्कच्या तापलेल्या लादीवर तिला अनवाणी चालू देऊ नका. संवेदना कमी झालेल्या पायांना चटका कळत नाही, फोड मात्र येतात आणि ते भरायला कधीकधी महिने लागतात. तिला पंख्याखालची जागा, चपला आणि वेळेवर जेवण द्या, पिशव्या लॉकरमध्ये ठेवा.

परतीचा रस्ता

माझ्या मते या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग पार्कच्या आत नसतो. तो असतो रात्रीचा परतीचा प्रवास. पहाटे ४ ला उठलेला, दिवसभर उन्हात फिरलेला माणूस रात्री ९ ला एक्स्प्रेसवेवर गाडी चालवत असतो, मागे सगळे झोपलेले असतात, पट्टे सुटलेले असतात. शेवटच्या दोन राइड सोडा आणि उजेड असतानाच निघा. मागे बसलेल्यांनीही पट्टे लावा, मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका. जमलं तर गाडी चालवायला दुसरं कुणी असू द्या, किंवा एक रात्र मुक्काम करा.

आता ताप आलेल्या त्या मुलाबद्दल. माझं उत्तर ठरलेलं असतं, नेऊ नका. औषधाने ताप काही तास दबतो, आजार जात नाही. तापलेल्या शरीराला वर ऊन आणि दगदग देणं धोक्याचं आहे, आणि गर्दीत इतरांनाही लागण होते. म्हणून पास काढतानाच तारीख बदलून मिळते का ते विचारा. आणि निघण्याआधी नवरा-बायकोने एकदा बसून ठरवा की कुणीही आजारी पडलं, दमलं किंवा घाबरलं तर आपण थांबायचं, आणि त्यावरून घरी कुणी कुणाला बोलायचं नाही. पैसे गेल्याचं दुःख आठवडाभरात ओसरतं.